आजच्यापुरती भाकर

चर्चच्या मागच्या अंगणात एक घमेलं ठेवलं होतं. मंगळवारची संध्याकाळ होती, दुसऱ्या दिवशी राखेचा बुधवार, उपवासकाळाचा पहिला दिवस. गावातली माणसं एकेक करून येत होती आणि घमेल्यात वाळकी झावळी टाकून जात होती. ईस्टरच्या आधीचा रविवार हा झावळ्यांचा रविवार. त्या दिवशी फादरांनी आशीर्वाद दिलेली नारळाची पाती घरोघर जातात. कुणी त्यांचा क्रूस विणतं, कुणी तशीच ठेवतं. वर्षभर ती तसबिरीमागे खोचलेली असतात. हिरव्याची पिवळी होतात, मग तपकिरी, आणि शेवटी बोट लागलं तरी तुकडा पडतो.

आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा हातात विणलेला क्रूस घेऊन घमेल्यापाशी घुटमळत होता. "हा तर अजून चांगला आहे," तो म्हणाला. चर्चचं काम बघणारे काका खाली बसून काडेपेटी शोधत होते. "टाक," ते म्हणाले, "उद्या तुझ्याच कपाळावर येणार आहे."

मग त्यांनी काडी लावली. वाळलेली झावळी भसकन पेटते आणि तितक्याच झटकन संपते. थंड झाल्यावर काकांनी ती चुरली आणि चहाच्या जुन्या गाळणीतून गाळली. साऱ्या गावाच्या झावळ्यांची राख शेवटी एका वाटीत मावली. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या मिस्साला त्याच वाटीतली चिमूट बँकेतल्या साहेबाच्या, भाजीवालीच्या आणि शाळकरी पोरांच्या डोक्याला लागली. तू मातीचा आहेस, मातीतच जाणार आहेस, हे दर वर्षी एकदा प्रत्येकाला तोंडावर सांगितलं जातं.

चर्चच्या फाटकातून बाहेर पडलं की समोर फलक दिसतो. त्यावर हसरं कुटुंब, निळा पोहण्याचा तलाव आणि मजल्यांची संख्या. वसईत आता असे फलक कुठे नाहीत असं विचारावं लागतं. त्या फलकाच्या आणि या वाटीच्या मधल्या रस्त्यावर जे घडतं ते पाहायला मी गेल्या उपवासकाळात इथे येत-जात राहिलो.

वसईचे ख्रिस्ती लोक म्हणजे बाहेरून आणून वसवलेली माणसं नव्हेत. सामवेदी म्हणजे कुपारी, वाडवळ, कोळी, ईस्ट इंडियन अशा इथल्याच समाजांमधून हा समाज उभा राहिला. १५३४ च्या तहाने हा मुलूख पोर्तुगिजांकडे गेला आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी तो जिंकून घेतला. राज्य गेलं तरी धर्म राहिला. बोलीही राहिली. कुपारी घरात आजही कादोडी बोलतात आणि चर्चमध्ये प्रार्थना मराठीतून होते. या माणसांचा देव आणि यांची वाडी यांचं नातं इतकं जुनं आहे की एकाविषयी विचारलं तर उत्तर दुसऱ्याविषयी मिळतं.

भुईगावच्या बाजूला एक मावशी राहतात. पाऊण एकराची वाडी, त्यात मोगरा, कागडा, केळी आणि तोंडलीचा मांडव. वयाची साठी ओलांडलेली. उजाडायच्या आत कळ्या काढायच्या, त्या ओल्या फडक्यात बांधायच्या, मुलाने पहिल्या गाड्यांपैकी एखादी पकडून दादरला न्यायच्या. दुपारी पैसे घरी येतात, संध्याकाळपर्यंत त्यातले निम्मे संपलेले असतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा कळ्या.

त्यांच्याकडे जमिनीसाठी चार वेळा माणसं येऊन गेली. पहिल्या खेपेची हकीकत त्यांनी मला मांडवाखाली बसून सांगितली.

"सरबत दिलं त्यांना. चांगली बोलणारी माणसं होती. जाताना म्हणाले, मावशी, एवढ्या पैशात काय काय होईल ते नुसतं बघा. मी बघितलं, दादा. रात्रभर बघितलं. मुलाला दुकान, नातीला इंजिनीअरिंग, घराला वर मजला. बघता बघता झोपच उडाली. पहाटे उठायला उशीर झाला, निम्म्या कळ्या उमलून गेल्या. उमललेल्या कळीला कोण विचारतो? मग म्हटलं, ज्या पैशाची अजून सही नाही झाली तो माझी एक सकाळ खाऊन गेला. सही झाल्यावर किती खाईल?"

येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना या मावशी दिवसातून तीनदा तरी म्हणतात. तिच्यात मागणं एका दिवसाच्या भाकरीचं आहे. महिन्याची बेगमी तिच्यात नाही की म्हातारपणाची तरतूद नाही. शहरात बसून ती प्रार्थना म्हणताना मला नेहमी ती थोडी भाबडी वाटत आली होती. रोजची कळी रोज काढणाऱ्या बाईच्या तोंडून ऐकली तेव्हा तिच्यातला व्यवहार कळला. वाळवंटातल्या इस्राएल लोकांना आकाशातून मान्ना मिळत होता, आणि गरजेपेक्षा जास्त साठवून ठेवला की त्यात किडे पडत, ही जुन्या करारातली गोष्टही मावशींना तोंडपाठ आहे. तिचा अर्थ त्यांना कुणी समजावून द्यावा लागला नाही. मोगरा साठवता येत नाही.

उपवासकाळ चाळीस दिवसांचा. त्यांच्या घरी त्या दिवसांत मांसमच्छी बंद असते, लग्नकार्यं नसतात, नवे कपडे घेत नाहीत. स्वयंपाकघरातल्या फळीवर बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा असतो, झाकणाला फट पाडलेला. मासळी आणली असती तर जे पैसे गेले असते ते त्या डब्यात पडतात. कुणी किती टाकले ते विचारायचं नाही आणि मध्येच उघडून मोजायचं नाही. पवित्र सप्ताहात डबा चर्चमध्ये जातो आणि तिथून गरिबांकडे. यंदा मावशींच्या नातवाने त्यात मोबाइलवरच्या खेळासाठी जमवलेले पैसे टाकले. मासळी त्याला आवडतच नाही. ती सोडली तर देवाला त्यातलं काय द्यायचं, असा त्याचा प्रश्न होता. घरातल्या कुणाला त्यावर उत्तर देता आलं नाही.

मला हा डबा फार महत्त्वाचा वाटतो. आपण एरवी जे वाचवतो ते आपलंच असतं. खर्च टळला की बचत होते आणि बचतीतून पुढे मोठी खरेदी होते. इथे वाचलेला पैसा वाचवणाऱ्याचा राहत नाही. त्या एका फटीतून पैसा आपल्या मालकीतून बाहेर पडतो, आणि घरातलं पोरगं ते पाहत असतं.

वसईच्या संतामध्येही हेच आहे. गोन्सालो गार्सिया वसईत जन्मला, येशूसंघीयांजवळ शिकला, त्यांच्याबरोबर जपानला गेला, जपानी भाषेत पारंगत झाला. पुढे त्याने व्यापार सुरू केला आणि तो भरभराटीला आला. व्यापारात बुडाला म्हणून संन्यासी झाला, अशी ही गोष्ट नाही. धंदा उत्तम चालू असताना तो सोडून तो मनिलाला गेला आणि फ्रान्सिस्कन संघात साधा बंधू झाला. धर्मगुरूचं पदही त्याला नव्हतं. दुभाषा म्हणून पुन्हा जपानला गेला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत इतर पंचवीस जणांबरोबर क्रुसावर मारला गेला. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळालं. भारतात जन्मलेला तो पहिला संत. गासला त्याच्या नावाचं चर्च आहे, किल्ल्यातल्या पडक्या भिंतींमध्येही त्याचा सण भरतो. त्याच्या हौतात्म्याची चित्रं सगळीकडे लागलेली असतात. त्याने बंद केलेल्या दुकानाचं चित्र मात्र मी कुठे पाहिलं नाही. ते असायला हवं, असं मला मनापासून वाटतं. कारण क्रूस एखाद्याच्याच वाट्याला येतो, दुकान सगळ्यांच्या.

पैसा वाईट आहे असं इथल्या ख्रिस्ती माणसाला वाटत नाही. १९१८ मध्ये मोन्सिन्योर मोनीस यांच्या पुढाकाराने वसईच्या कॅथलिक शेतकऱ्यांनी सहकारी पतसंस्था काढली. सावकाराच्या पाशातून वाड्या सोडवणं हा तिचा हेतू होता. तीच पुढे बॅसीन कॅथलिक सहकारी बँक झाली. धर्मगुरूने बँक काढावी यात विसंगती नाही. येशूच्या दाखल्यांत पैसा, कर्ज, मजुरी, द्राक्षमळ्याचे खंडकरी हे विषय जागोजागी येतात. ज्या श्रीमंताने जुनी कोठारं पाडून मोठी बांधायला काढली, त्याच्याकडे धान्य होतं हा दोष नव्हता. ते धान्य बघून त्याने आपल्या जिवाला आता आरामात राहायला सांगितलं, हा दोष होता.

मराठी ख्रिस्ती परंपरेत हा धागा वसईपुरताही नाही. केडगावला पंडिता रमाबाईंनी दुष्काळातून उचलून आणलेल्या मुलींसाठी 'मुक्ती' उभं केलं. १९०० च्या सुमाराला तिथे दोन हजारांच्या आसपास बायका-मुली होत्या. विणकाम, तेलाचा घाणा, दूधदुभतं, छापखाना हे सगळं त्याच चालवत. हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल मराठीत आणणारी ही विदुषी साध्या सुती पातळात राहिली. आणि रेव्हरंड टिळक! तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं सांगणाऱ्या या कवीने १९१७ मध्ये, प्रकृती ढासळलेली असताना, मिशनची पगारी नोकरी सोडून दिली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. पगार घेऊन ख्रिस्त सांगणं त्यांना सोसेना. दोन वर्षांत ते गेले. त्या पगारावर घर चालत होतं ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं, हेही विसरून चालणार नाही. पुरुषाने केलेल्या त्यागाचा हिशेब बाईच्या चुलीपाशी होतो. लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्या कुठल्याही मराठी माणसाला हे सांगावं लागत नाही. म्हणूनच मला टिळकांच्या संन्यासापेक्षा मावशींचा डबा जास्त टिकाऊ वाटतो. त्यात घरातली सगळी माणसं सामील असतात.

वसईत या श्रद्धेची खरी परीक्षा झाली ती पाण्यावरून.

इथल्या वाड्यांमध्ये बावखलं आहेत. बावखल म्हणजे गोड्या पाण्याचं छोटं तळं, बहुतेक वेळा दोन-चार कुटुंबांच्या सामायिक मालकीचं. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, आणि मधल्या पट्ट्यात पावसाचं पाणी जमिनीत मुरवून गोडं ठेवणारी ही व्यवस्था. पूर्वी त्यावर रहाट चालत, बैल फिरे, पाणी पाटाने केळीत जाई. पुढे इंजिनं आली, मग विजेचे पंप. जमिनीतलं गोडं पाणी भरमसाट उपसलं की त्याची जागा खारं पाणी घेतं. इमारती वाढल्या तशी त्यांना लागणारं पाणी वाड्यांच्या विहिरींतून टँकर भरभरून जाऊ लागलं. बावखलं कचऱ्याने आणि भरावाने बुजू लागली. बुजलेल्या बावखलावर बांधकाम होतं. पाण्याची जागा जमीन होते आणि जमिनीला भाव असतो.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे तिचे अग्रणी. 'सुवार्ता' मासिकाचे संपादक, पुढे 'सुबोध बायबल' लिहिणारे हे धर्मगुरू मोर्च्यात पुढे चालत होते. १९९० मध्ये सिडको या सरकारी महामंडळाकडे या भागाच्या नियोजनाचा अधिकार गेला, तेव्हा वसईची हिरवळ कुणासाठी मोकळी होते आहे हे लोकांना कळत होतं. मोर्चे निघाले, उपोषणं झाली, फादरांना धमक्या आल्या. या लढ्यात हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सगळे होते, आणि ते तसंच असायला हवं होतं. पण चर्चमध्ये जाणाऱ्या माणसाला तिथे जमिनीविषयी जे ऐकायला मिळालं त्याचा वाटा मोठा होता. सृष्टी देवाची आहे, आपण तिचे राखणदार आहोत. पोप फ्रान्सिस यांनी 'लाऊदातो सी' या परिपत्रकात २०१५ मध्ये हे साऱ्या जगाला सांगितलं. वसईच्या शेतकऱ्याने त्याआधी पाव शतक रस्त्यावर उतरून ते म्हटलं होतं.

२०२० च्या जानेवारीत उस्मानाबादला ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून दिब्रिटो व्यासपीठावर बसले. ख्रिस्ती धर्मगुरूला तो मान मिळण्याची ती पहिलीच वेळ. आजारपण अंगावर असतानाही ते आले. २५ जुलै २०२४ रोजी वसईतच त्यांचं निधन झालं.

लढा जिंकला का? २००९ मध्ये चार नगरपरिषदा आणि ५३ गावं एकत्र करून वसई-विरार महापालिका झाली. गावं वगळावीत म्हणून लोक पुन्हा रस्त्यावर आले. २०११ च्या जनगणनेत महापालिका क्षेत्राची लोकसंख्या १२ लाखांवर गेलेली होती. मुंबईत घर न परवडणारी ही माणसं कुठेतरी राहणारच, त्यांना शत्रू मानणारा ख्रिस्ती म्हणवून घेऊ शकत नाही. पण त्यांच्या गरजेच्या आडून ज्यांनी डोंगर कापले आणि तळी बुजवली त्यांची गोष्ट वेगळी. हे दोन मुद्दे सुटे ठेवणं वसईच्या माणसाला कठीण जातं, मलाही गेलं.

आणि विकणारेही चर्चला जाणारेच होते, हे लिहिल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. दर रविवारी पहिल्या बाकावर बसणाऱ्यांनी सह्या केल्या. काहींना आजारपण होतं, काहींच्या मुलींची लग्नं होती, काहींना फक्त गाडी हवी होती. लग्नं तर आता बघवत नाहीत. मोठमोठे हॉल, डीजे, दारूचे बार, एका संध्याकाळी एका वर्षाची कमाई. फादर प्रवचनातून सांगतात, लोक मान डोलावतात आणि शेजाऱ्याने जेवढं केलं त्याच्यापेक्षा थोडं जास्त करतात. श्रद्धेने माणसाला लोभापासून आपोआप संरक्षण मिळतं, असं मी पाहिलेलं नाही. ती दर वर्षी एकदा थांबवते आणि विचारते, एवढंच. ज्याला ऐकायचं असतं तो ऐकतो.

एक तरुण मला भेटला, मॉलमधल्या कपड्यांच्या दुकानात विक्रेता. पंचविशीतला. त्याच्या धंद्यात रविवार हा सोन्याचा दिवस, कमिशन दुप्पट. दोन वर्षं त्याने रविवारचा मिस्सा सोडला होता. "आधी वाईट वाटायचं," तो म्हणाला, "मग वाटेनासं झालं. त्याचंच वाईट वाटलं." त्याने साहेबांकडे रविवारची सकाळ मोकळी मागितली. मिळाली, पण कमिशनच्या यादीतून नाव खाली आलं. महिन्याला किती फटका बसतो ते त्याने सांगितलं, आकडा लहान नव्हता.

"मग काय करतोस रविवारी?"

"मिस्सा. मग आईबरोबर बाजार. मग झोप."

"बस?"

"बस."

त्याच्या तोंडून तो शब्द कसा आला ते मला लिहून दाखवता येत नाही. तक्रार नव्हती त्यात, अभिमानही नव्हता. सहा दिवस काम करून सातव्या दिवशी देवाने विसावा घेतला, हे बायबलच्या पहिल्या पानांवरचं वाक्य आपण गोष्ट म्हणून वाचतो. चोवीस तास उघड्या असलेल्या दुकानांच्या काळात हा पोरगा ते कायद्यासारखं पाळतो. त्याच्या हातात फलक नाही, त्याच्यामागे मोर्चा नाही. तो फक्त त्या वेळात विकत नाही आणि विकला जात नाही.

पवित्र शुक्रवारी मी क्रुसाच्या वाटेची मिरवणूक पाहिली. भर उन्हात माणसं अनवाणी चालत होती. मावशी मागच्या रांगेत होत्या. एका वळणावर कुणाच्या तरी बुजलेल्या बावखलावर नवी कंपाउंडची भिंत उभी राहिली होती. तिथे त्या थांबल्या नाहीत, बोलल्याही नाहीत. भिंतीच्या कडेला उगवलेलं अळूचं एक पान त्यांनी पायाने बाजूला सारलं, इतकंच. अळूला पाणी लागतं. खाली कुठेतरी ते अजून होतं.

पावसाळा संपताना पुन्हा गेलो. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ईस्ट इंडियन मंडळींचा आगेरा असतो, नव्या पिकाचा सण. भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये आणायच्या, त्यांच्यावर आशीर्वाद घ्यायचा, मग घरी न्यायच्या. आता कितीशी शेतं उरली? तरी मिरवणूक निघाली. बायका लाल लुगड्यांत, पुढे बँड. रांगेत एक जोडपं होतं, इमारतीत राहणारं. त्यांच्या वडिलांची जमीन कधीच गेली. नवऱ्याच्या हातात भाताच्या लोंब्यांची जुडी होती, मूठभर, दाणे थोडे किडके.

"कुठून आणल्या?" मी विचारलं.

"गच्चीवर," बायको म्हणाली. "रंगाच्या रिकाम्या बादल्यांत लावला होता. सहा बादल्या. सोसायटीवाले ओरडले, गच्ची गळेल म्हणून. चार खाली उतरवल्या."

वेदीपाशी टोपली होती. त्यांनी आपली जुडी दुसऱ्यांच्या लोंब्यांवर ठेवली आणि बाकावर जाऊन बसले.